भावजींचा गुणाकार

एकदा केलेली गोष्ट दुसऱ्यांदा करावी लागली की ज्याला आपला अपमान झाल्यासारखं वाटतं असा माणूस अख्ख्या मुंबईत एकच असेल, आणि तो नेमका माझ्या थोरल्या बहिणीचा दीर निघावा, हे आमचं भाग्य म्हणायचं की भोग, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. ताई त्यांना भावजी म्हणते, म्हणून माहेरचे आम्हीही सगळे त्यांना भावजीच म्हणतो. मुलुंडला ताईच्या शेजारच्याच ब्लॉकमध्ये ते एकटे राहतात. लग्न केलं नाही. म्हणजे करायचं होतं, पण तिसऱ्या मुलीच्या घरी पोह्यांची बशी हातात आल्यावर त्यांनी वडिलांना सगळ्यांसमोर विचारलं, "बाबा, तेच प्रश्न, तीच उत्तरं, तेच पोहे. या सगळ्या मुलींना एकदाच एकत्र बोलावता येणार नाही का?" त्यानंतर त्यांना कोणी बोलावलं नाही आणि त्यांनीही फारसं मनावर घेतलं नाही. गणपतीत त्यांनी अशीच एक सुधारणा सुचवली होती. पाच आरत्यांची ध्रुवपदं जवळजवळ सारखीच आहेत, तेव्हा ती प्रत्येक आरतीत पुन्हा पुन्हा म्हणण्याऐवजी शेवटी एकदाच जोरात म्हणावीत. ताईच्या यजमानांनी हातातली झांज खाली ठेवली आणि म्हणाले, "आणि मोदक? तोही सगळ्यांत मिळून एकच?" भावजी गंभीरपणे म्हणाले, "मोदक हा डेटा आहे दादा. तो वेगळाच ठेवायचा."

हे सगळं त्यांच्या धंद्यातून आलेलं. पवईच्या एका ऑफिसात जन्मभर त्यांनी ड्रायव्हर लिहिले. यंत्राच्या आत, ते चालू झाल्यापासून बंद होईपर्यंत, एक मूळ प्रोग्रॅम जागा असतो, त्याला कर्नेल म्हणतात. आणि त्या कर्नेलला पंखा, पडदा, हीटर अशा हातापायांशी बोलायला लावणारा प्रोग्रॅम म्हणजे ड्रायव्हर. या लिखाणात एखादा तुकडा दोनदा लागला तर तो एकदाच वेगळा लिहून त्याला नाव द्यावं आणि लागेल तिथून हाक मारावी, अशी रीत आहे. त्या तुकड्याला हेल्पर म्हणतात. बाकीचे लोक ही रीत ऑफिसात पाळतात, भावजींनी ती घरात आणली. ताईच्या स्वयंपाकघरात त्यांनी चहाचा कागद चिकटवला होता. वर 'माणसं' आणि 'साखर' एवढे दोनच रकाने, खाली कृती. ताई म्हणाली, "भावजी, माझ्या घरात चहा मी करते, कागद नाही." त्यावर ते म्हणाले, "वहिनी, चूक करायची तर माणसाने एकाच ठिकाणी करावी. म्हणजे सुधारायलाही एकाच ठिकाणी जावं लागतं." हे वाक्य मी त्यांच्या तोंडून इतक्यांदा ऐकलं आहे की त्याचाही त्यांनी हेल्पर करायला हवा होता.

मी स्वतः इलेक्ट्रॉनिक्सची इंजिनियर. तापट आहे, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे आश्चर्य वाटायला नको. अंधेरी पूर्वेला एका औद्योगिक वसाहतीत माझा एक गाळा आहे आणि तिथे आम्ही चार जणी मिळून बेबी वॉर्मर बनवतो. नुकत्याच जन्मलेल्या बाळाला, विशेषतः दिवस भरायच्या आत आलेल्या बाळाला, स्वतःचं अंग गरम ठेवता येत नाही. त्याला ज्या उघड्या पाळण्यात ठेवतात त्याच्यावर हीटरची कांडी असते. तो सगळा सरंजाम म्हणजे वॉर्मर. पहिलं यंत्र तयार होत आलं तेव्हा भावजी निवृत्त होऊन घरात बसले होते आणि ताईच्या डब्यांवर नंबर टाकत होते. ताईने मला फोन केला. "मंजू, तुझ्या गाळ्यात भावजींना घेऊन जा गं. नाहीतर मी तरी येते तिकडे राहायला."

भावजी आले आणि पहिल्याच दिवशी माझं लिखाण वाचून त्यांनी कपाळावर हात मारला. हीटरच्या कांडीला अर्धवट तापणं माहीत नसतं. ती एकतर पूर्ण चालू नाहीतर पूर्ण बंद. म्हणून सेकंदाच्या विसाव्या भागाचा एक ठोका धरायचा आणि त्यातला काही भाग कांडी चालू, उरलेला बंद, असं सतत करायचं. साठ टक्के उष्णता हवी तर ठोक्याचा साठ टक्के वेळ चालू. या युक्तीला पीडब्ल्यूएम म्हणतात. (माझ्या साखरपुड्यात भावजींनी ही युक्ती सासरच्या मंडळींना हॉलमधला दिवा भराभर चालू-बंद करून समजावली होती. सासूबाईंना वाटलं, वीज जाते आहे, आणि त्यांनी घाईघाईने अंगठ्या उरकून घ्यायला लावल्या.) तर किती वेळ चालू ठेवायचं याचा हिशेब माझ्या ड्रायव्हरमध्ये पाच ठिकाणी होता. पाचही ठिकाणी मी तोच चिकटवला होता: ठोक्याच्या वेळेला आधी शंभराने भागायचं, मग टक्क्यांनी गुणायचं.

"पाच ठिकाणी एकच गणित? आणि तेही आधी भागाकार?" भावजी म्हणाले. "भागाकारात जे बारीकसारीक गळतं ते मग गुणून परत येतं का? आधी गुणावं, मग भागावं. चौथीतल्या पोराला कळतं."

"चालतंय ना? मग हात नका लावू," मी म्हणाले.

"चालतंय म्हणजे काय! गळकी बादलीसुद्धा चालते, नळ जवळ असेल तोवर."

दोन दिवस आम्ही भांडलो. माझ्या गाळ्यातल्या मुली कानात बोटं घालून सोल्डरिंग करत होत्या. शेवटी मी कंटाळून म्हटलं, करा काय करायचं ते. त्यांनी सहा ओळींचा एक हेल्पर लिहिला, त्याला सुरेखसं नाव दिलं, आणि माझी पाचही ठिकाणं पुसून तिथे त्याला नुसती हाक मारली. खरं सांगते, वाचायला इतकं स्वच्छ झालं की मला जरा लाजच वाटली. मी म्हटलं, "आता सगळ्या चाचण्या परत घ्यायला हव्यात." भावजींचा चेहरा असा झाला की जणू मी त्यांना चौथी मुलगी बघायला चला म्हणाले. "शंभर टक्क्यांची चाचणी झालीय ना एकदा? पीडब्ल्यूएम तेच, कांडी तीच. मग परत कशाला?" आणि मीही ऐकलं. मला घाई होती, आणि गणित भावजींचं होतं. रोजच्यासारखं यंत्र चालवून पाहिलं, छान गरम झालं, आणि आम्ही ते मुलुंडच्या एका धर्मादाय रुग्णालयात न्यायचं ठरवलं.

त्या दिवशी सकाळी नऊला टेम्पोतून वॉर्मर उतरला. रुग्णालयातल्या बालरोगतज्ज्ञ बाई बारीक अंगाच्या, कमी बोलणाऱ्या. त्यांनी यंत्र थेट ऑपरेशन थिएटरमध्ये ठेवायला सांगितलं आणि म्हणाल्या, "साडेअकराला एक सिझेरियन आहे. सात महिन्यांचं बाळ आहे. जुना वॉर्मर वरच्या मजल्यावर एका बाळासाठी लागलाय, म्हणून तुमचा आजच मागवला. पाळणा तोपर्यंत गरम पाहिजे मला." मी हसून म्हटलं, "पंधरा मिनिटांत होईल, मॅडम." भावजी हिरवा झगा आणि टोपी घालून इतके खूश होते की त्यांनी ताईला फोटो पाठवला.

पंधरा मिनिटं झाली. वीस झाली. पडद्यावर 'ब्याण्णव टक्के' दिसत होतं आणि वरची कांडी काळीठिक्कर. मी गादीवर हात ठेवला तर गार. थिएटरचा एसी जोरात होता. यंत्र बंद करून पुन्हा चालू केलं. सुरुवातीला कांडी लालसर झाली, माझा जीव भांड्यात पडला, आणि आकडा चढत चढत नव्वदीकडे गेला तशी ती पुन्हा विझली. पावणेदहा. मी पेचकस काढला आणि मागचं झाकण उघडायला बसले. वायर सुटली असणार, टेम्पोत हादरे बसले असणार, त्या टेम्पोवाल्याला मी मनातल्या मनात काय काय म्हणाले ते इथे लिहिता येणार नाही. वायरी सगळ्या धड होत्या. सव्वादहा. बाहेरच्या बाकावर, जिचं सिझेरियन व्हायचं होतं त्या बाईचा नवरा बसला होता, गुडघ्यावर दोन्ही हात ठेवून, आणि दर वेळी दार उघडलं की तो उभा राहत होता. मी दाराकडे बघणंच सोडून दिलं.

भावजी इतका वेळ स्टुलावर बसून नुसते पडद्याकडे आणि कांडीकडे आळीपाळीने बघत होते. मग म्हणाले, "मंजू, झाकण लाव. आणि आकडा हाताने दे. ऐंशी."

मी ऐंशी दिला. कांडी लाल झाली.

"पंच्याऐंशी."

आणखी लाल. हाताला धग लागली.

"शहाऐंशी."

कांडी विझली. मी दोनदा पुन्हा करून पाहिलं. पंच्याऐंशीला लाल, शहाऐंशीला काळी. मला काहीच उलगडेना, पण भावजींनी खिशातलं पेन काढलं आणि यंत्राबरोबर आणलेल्या डिलिव्हरी चलनाचा कागद उलटा करून त्यावर गुणाकार मांडला. ठोक्याची वेळ ड्रायव्हरमध्ये नॅनोसेकंदांत लिहितात; आमचा ठोका पाच कोटी नॅनोसेकंदांचा. पाच कोटी गुणिले पंच्याऐंशी, चारशे पंचवीस कोटी. पाच कोटी गुणिले शहाऐंशी, चारशे तीस कोटी. आणि ज्या डब्यात हेल्पर तो गुणाकार ठेवत होता त्यात मावतात फक्त चारशे एकोणतीस कोटी आणि वर काही लाख. त्याच्या पुढे गेलं की डबा भरतो आणि मोजणी शून्यापासून सुरू होते. म्हणजे यंत्राने शहाऐंशी टक्के उष्णता मागितली की कांडीला मिळत होती जवळजवळ काहीच नाही. बाळाला जितकी जास्त ऊब हवी, तितका पाळणा गार. माझ्या त्या अडाणी पद्धतीत, आधी भागून मग गुणण्यात, आकडा कधी एवढा वाढलाच नसता. आणि अंधेरीच्या गाळ्यात, सिमेंटच्या पत्र्याखाली, जिथे आम्ही स्वतःच घामाने निथळत असतो, तिथे यंत्राला साठ-सत्तरच्या वर जायची कधी गरजच पडली नव्हती.

भावजींनी पेनाचं टोपण लावलं. "हेल्पर," ते म्हणाले. "माझा."

मी त्यांच्याकडे पाहिलं नाही. मला भयंकर राग आला होता आणि त्याच वेळी एक सोपी वाटही दिसली होती. "भावजी, वरची मर्यादा पंच्याऐंशीला बांधून टाकते," मी कुजबुजले. "दोन मिनिटांचं काम. तेवढ्यात पाळणा गरम होईल. घरी जाऊन नीट करू. कोणाला काही कळायची गरज नाही."

"आणि पंच्याऐंशी पुरलं नाही तर?"

"पुरेल हो!"

"तू मोजलंयस? एवढ्या थंड खोलीत, सात महिन्यांच्या बाळाला?"

"नाही मोजलं. पण आत्ता सांगितलं तर यंत्र परत पाठवतील. चार वर्षं झाली भावजी, चार वर्षं! पुन्हा कोण उभं करेल आपल्याला दारात?" माझा आवाज चढला आणि थिएटरमधली नर्स वळून बघायला लागली. साडेदहा वाजून गेले होते. भावजी स्टुलावरून उठले. बासष्ट वर्षांचा माणूस, पण उठताना त्यांनी स्टुलाचा आधार घेतला, तो मी पहिल्यांदा पाहिला. "चूक माझी आहे," ते म्हणाले. "मी सांगतो. तू इथेच थांब." पण मी थांबले नाही, त्यांच्या मागोमाग गेले, कारण मला आशा होती की ते नीट सांगू शकणार नाहीत.

त्यांनी फार नीट सांगितलं. डॉक्टरबाई हात धूत होत्या. भावजी म्हणाले, "मॅडम, आमच्या यंत्रात दोष आहे. पंच्याऐंशी टक्क्यांच्या वर उष्णता मागितली की हीटर बंद पडतो. गणित मी चुकवलंय, यांचा त्यात दोष नाही. मर्यादा बांधून ते चालवता येईल, पण बाळाला पुरेल की नाही हे आम्ही तपासलेलं नाही."

बाईंनी नळ बंद केला. "आत्ता सांगताय हे?"

"आत्ताच कळलं."

मला वाटलं, आता फैलावर घेतील. पण बाई नर्सकडे वळून म्हणाल्या, "वरच्या बाळाला आईच्या छातीशी द्या, वरून शाल गुंडाळा, आणि जुना वॉर्मर ताबडतोब खाली आणा. लिफ्ट धरून ठेवायला सांगा." मग आम्हाला म्हणाल्या, "तुमचं यंत्र माझ्या वाटेतून काढा."

आम्ही ते काढलं. भावजींनी एका बाजूने ढकललं, मी दुसऱ्या. दाराच्या उंबऱ्यावर चाक अडकलं तेव्हा बाकावरचा तो नवरा धावत आला आणि त्याने खांदा लावला. "दादा, हे बिघडलंय का?" त्याने विचारलं. भावजी त्याला "हो" म्हणाले, आणि मला तेव्हा जमिनीत गाडून घ्यावंसं वाटलं. जुना वॉर्मर खाली यायला वीस मिनिटं लागली, कारण लिफ्ट मधल्या मजल्यावर कोणीतरी अडवली होती. तो आत गेला, दार बंद झालं, आणि आम्ही तिघे त्या दारासमोर उभे राहिलो. मध्ये आमचा गारढोण पाळणा. बाराला पाच-सात मिनिटं कमी असताना आतून रडण्याचा आवाज आला. अगदी बारीक, पण न थांबणारा. नवरा भिंतीला टेकून खाली बसला. भावजींनी टोपी काढली, आणि त्यांचे डोळे भरून आले होते, हे मी सांगितलेलं त्यांना आवडणार नाही, पण सांगते.

दुसऱ्या दिवशी गाळ्यात त्यांनी मला संगणकासमोर बसवलं आणि स्वतः मागे उभे राहिले. दुरुस्ती एका शब्दाची होती; गुणाकाराला दुप्पट मोठा डबा द्यायचा, बस. पाचही ठिकाणं एका फटक्यात बरी झाली. त्या जागी मी त्यांना चिडवू शकले असते, की बघा, एकाच ठिकाणी चुकलात म्हणून एकाच ठिकाणी सुधारलं. वाक्य अगदी जिभेच्या टोकापर्यंत आलं होतं. पण त्यांनी टायपिंगसाठी हात पुढे केला नव्हता, तो मागे बांधून ठेवला होता, ते पाहून मी गप्प बसले. प्रत्येक बदलाबरोबर त्याची नोंद लिहायची असते. मी लिहिलं, 'मोठ्या आकड्यांसाठी दुरुस्ती'. ते म्हणाले, "असं नाही. लिही: आधीचं गणित बरोबर होतं, ते मी चुकीचं केलं. आणि खाली माझं नाव घाल." मी वाद घातला नाही. आमच्या भांडणांच्या इतिहासात तो एकच दिवस बिनविरोध गेला असेल. शंभर टक्क्यांची चाचणी घ्यायला आम्ही ओळखीच्या एका आइस्क्रीमवाल्याचं थंड गोदाम मागून घेतलं. एकदा नाही, नऊ वेळा.

दीड महिन्याने डॉक्टरबाईंचा स्वतःहून फोन आला. आता त्या थिएटरमध्ये आमचाच वॉर्मर आहे आणि आणखी काही ठिकाणीही गेला आहे. पण भावजी गाळ्यात येईनासे झाले. आधी म्हणाले पाय दुखतो, मग म्हणाले पडदा नीट दिसत नाही. ताई सांगते की हल्ली ते कशालाच नावं ठेवत नाहीत, चहा जसा येईल तसा पितात, आणि घरात एवढी शांतता तिला सोसवत नाही. मलाही ते सोसवत नाही. ज्या माणसाशी मी दोन दोन दिवस एका भागाकारावरून भांडले, तो माझ्याशी भांडेनासा झाला, याचं मला वाईट वाटतं, आणि त्या दिवशी थिएटरमध्ये त्यांनी चूक कबूल केली तेव्हा मी त्यांच्याकडे पाहिलंदेखील नाही, याचं जास्त.

म्हणून मी दर रविवारी त्यांना फोन करते आणि एखादं गणित सांगते. "भावजी, नव्या यंत्राचा ठोका बदललाय. आकडा डब्यात मावतो का, एवढं बघता?" पलीकडे ते कागद शोधतात, चष्मा शोधतात, आकडे पुटपुटतात. मी फोन कानाला लावून वाट बघते. बऱ्याच वेळाने म्हणतात, "मावतोय. पण माझ्या सांगण्यावर जाऊ नकोस मंजू. तू स्वतः पुन्हा एकदा करून बघ."

"करते," मी म्हणते. फोन लावायच्या आधीच मी ते दोनदा केलेलं असतं, हे मात्र त्यांना अजून सांगितलेलं नाही.